पावसात-धुळीत टिकणारा कॅमेरा, आणि रॉ फाइल इतकी फिकी का?

पाणकावळा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण माझ्या डोक्यात ते एकमेकांत गुंतलेत, म्हणून एकाच धाग्यात टाकतो.

मी पाणपक्ष्यांचे फोटो काढतो. म्हणजे चिखल, दव, अधूनमधून पाऊस आणि कोरड्या दिवसांत धूळ. बरंचसं काम पोटावर झोपून चालतं, त्यामुळे कॅमेरा जमिनीला टेकतोच. सध्याची हौशी बॉडी थकली आहे: मागची चकती एक घर फिरवली की दोन घरं पुढे जाते, आणि पकडीचं रबर सुटून हातात येतं.

पुढे दोन वाटा दिसतात. वापरलेला पण वरच्या दर्जाचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा), उदाहरणार्थ निकॉन डी५००. किंवा नवाकोरा पण सुरुवातीच्या श्रेणीतला मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. पहिल्यात शटर किती चाललंय याची धास्ती, दुसऱ्यात प्लास्टिकची. माझ्या दोन्ही लेन्स निकॉन एफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची जागा), त्यातली एक जुनी एएफ-डी, जिच्यात स्वतःची फोकस मोटर नाही.

दुसरा प्रश्न रॉचा, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या डेटाच्या फाइलचा. आजवर कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेल्या जेपेगवर भागवलं. आता रॉ काढायला लागलो, तर फाइल उघडल्यावर क्षणभर कॅमेऱ्याच्या पडद्यावर होता तसाच झकास फोटो दिसतो आणि मग डोळ्यांदेखत रंग उतरतात. बगळ्याचं पांढरं राखाडी, पाणी मेलेलं. मग मी सगळे स्लायडर ओढून त्याला परत जेपेगसारखा करत बसतो. हेच करायचं तर रॉ कशाला?

स्क्रूड्रायव्हर

टेबलाच्या या बाजूने बोलतो. कॅमेरे आणि लेन्स उघडणं आणि परत बंद करणं हा माझा धंदा. जाहिरातीत काय टिकतं ते तुम्ही वाचलंच असेल, माझ्याकडे काय येतं ते सांगतो.

शटर गेलेले कॅमेरे येतात, पण लोक जितके घाबरतात त्या मानाने फारच थोडे. डी५०० चं शटर २,००,००० उघडझापींसाठी तपासलेलं आहे, डी४ चं ४,००,०००. तो आकडा गाठला म्हणून त्या दिवशी काही बंद पडत नाही. काही शटर पुष्कळ पुढे जातात, काही अलीकडेच थांबतात. आणि शटर हा सुटा भाग आहे, बदलता येतो. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट एक्झिफमध्येच (फोटोसोबत जाणारी माहिती) लिहिलेला असतो, एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने वाचता येतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो फाइलमध्ये मिळत नाही, तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर फार विसंबू नका.

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात झूम लेन्स. आत कागदासारखी पातळ फ्लेक्स केबल असते, झूम फिरवला की ती दरवेळी वाकते, आणि वाकून वाकून तिच्यातली एखादी तार तुटते. लक्षण ठरलेलं: एका टोकाला लेन्स व्यवस्थित चालते, दुसऱ्या टोकाला नेली की एरर. माणूस म्हणतो, बॉडी बिघडली. बॉडीला काहीही झालेलं नसतं.

त्यानंतर उखडलेले पोर्ट. यूएसबी किंवा एचडीएमआयची केबल लावलेली असताना कोणीतरी तिच्यात पाय अडकवतो, आणि सॉकेट मुख्य बोर्डावरून निघून येतं. बारीकसा भाग, पण दुरुस्ती अख्ख्या बोर्डाची. मेटल बॉडी असो की प्लास्टिक, इथे दोन्ही सारख्याच.

प्लास्टिकबद्दल माझं मत लोकांना रुचत नाही. चांगलं पॉलिकार्बोनेट धक्का बराच पचवतं. मॅग्नेशियमचा सांगाडा वाकत नाही खरा, पण मग धक्का जातो कुठे? माउंटमध्ये, सेन्सरच्या बैठकीत, लेन्सच्या आत. स्वस्त लेन्सचा प्लास्टिक माउंट पडल्यावर तुटतो आणि बॉडी वाचते, हे मी पुष्कळदा बघितलंय. मेटल हवं ते जड लेन्ससाठी. लांब टेली लावून कॅमेरा खांद्यावर लटकवणाराला माउंटची बैठक सरळ राहायला हवी असते.

आता सीलिंग. 'वेदर सील्ड' हा शब्द वाटेल तितका ताणला जातो. बहुतेक कंपन्या त्यासोबत आयपी दर्जा (धूळ-पाण्यापासून बचावाचं प्रमाणित मोजमाप) सांगतच नाहीत. ओएम सिस्टीमच्या ओएम-१ ला (२०२२) आयपी५३ आहे, लायका एसएल२ ला आयपी५४, असे अपवाद थोडे. बाकीच्यांचा अर्थ एवढाच की सांध्यांवर रबरी पट्ट्या आहेत. आणि साखळी दोघांची असते: बॉडी सील्ड आणि लेन्सच्या माउंटवर रबरी कडं नाही, तर पाणी तिथूनच शिरणार. कॅननच्या काही एल (वरच्या श्रेणीच्या) लेन्सना, जसं की १७-४० एफ/४, सीलिंग पूर्ण व्हायला पुढे फिल्टर लावावा लागतो, असं कॅनन स्वतः सांगते. तो फिल्टर लावलेला फार क्वचित दिसतो.

झूम करताना लांबी वाढते ती लेन्स श्वास घेते. बाहेर येताना दमट हवा आणि धूळ आत ओढते. तुमच्या कामाला आतल्या आत झूम होणारी किंवा सरळ फिक्स्ड फोकल लेन्स बरी.

पण पावसाने जितकं नुकसान होतं त्याहून जास्त कपाटात होतं. बुरशी. सापेक्ष आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली आणि लेन्स अंधारात पडून राहिली की काचेवर कोळिष्टकासारखे धागे उगवतात. लवकर धरली तर पुसली जाते. उशीर झाला तर ती कोटिंग खाते, आणि ते परत येत नाही. ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा. ड्राय कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करायचं, नाहीतर ते नुसतंच पडून असतं. चामड्याच्या बंद पाउचमध्ये लेन्स ठेवू नका. आणि वापरत राहा. वापरातल्या लेन्सला बुरशी धरलेली मी क्वचितच पाहतो.

वापरलेला कॅमेरा बघायला जाल तेव्हा सोबत टॉर्च न्या. लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला ठेवून मागून उजेड टाका, तिरकस बघा. धूळ दिसणारच, तिचं काही नाही. धागे, दुधाळ पडदा किंवा कडेला इंद्रधनुषी डाग दिसले तर नमस्कार करून निघा. स्क्रूंची तोंडं बघा: घासलेली असली तर आधी कोणीतरी हात घातलाय. एखाद्या साध्या भिंतीचे सर्वात वेगवान शटरवर लागोपाठ फोटो घ्या, एका बाजूला काळी पट्टी दिसली तर शटरचे पडदे दमलेत. मग एफ/१६ ला आकाशाचा एक फोटो, सेन्सरवरचे डाग कळतात. निकॉनच्या मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, तेही बघून घ्या. कार्डाचे दोन्ही स्लॉट तपासा. जुन्या कॉम्पॅक्ट फ्लॅशवाल्या कॅमेऱ्यांत ५० बारीक पिना असतात आणि त्यातली एक वाकली की संपलं. डी५०० मध्ये एक्सक्यूडी कार्ड आहे, तिथे ही भानगड नाही. दुसरा स्लॉट मात्र एसडीचा, आणि एसडी कार्डाचं प्लास्टिक चिरतं, कडेचं कुलूप निघून पडतं. सैल कुलपाचं कार्ड तसंच दाबून घालणारे लोक आहेत. त्यांच्यामुळे माझं बरं चाललंय.

तर माझं मत: डी५०० घ्या. तुमची एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फोकस करते आणि डी५०० मध्ये ती मोटर आहे. निकॉनच्या झेड (मिररलेस) बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावून तीच लेन्स वापरलीत तर फोकस हाताने करावा लागेल, कारण अडॅप्टरमध्ये मोटर नाही. एकच विचार करून ठेवा. डी५०० आता बनत नाही, त्यामुळे सुटे भाग दिवसेंदिवस कमी होणार. मी टिकाऊपणा मोजतो तो याच्यावर: बिघडल्यावर भाग मिळतो का.

अर्धाशटर

स्क्रूड्रायव्हर यांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवण्यासारखा. पण शेवटच्या सल्ल्याशी असहमत. एफ माउंटच थांबलेला असताना त्यात शिरायचं कशाला? निकॉनचा झेड आणि कॅननचा आरएफ हे दोन्ही मिररलेस माउंट २०१८ पासून आहेत, नव्या लेन्स तिकडेच येतायत. पक्ष्याचा डोळा धरणारा ऑटोफोकस एकदा वापरलात की मागे जाववत नाही. शिवाय झेड९ मध्ये तर मेकॅनिकल शटरच नाही, मरणार काय?

रॉबद्दल: हिस्टोग्राम (उजळ-गडद पिक्सेलचा आलेख) उजवीकडे ढकला, म्हणजे फोटो उजळ काढा. १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि त्यातल्या अर्ध्या, ८,१९२, एकट्या सर्वात उजळ स्टॉपमध्ये (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट होण्याचा एक टप्पा). अंधारात काढलंत तर पायऱ्या वाया.

काळोखखोली

मी छपाईसाठी फाइली तयार करते, दिवसभर दुसऱ्यांच्या रॉ बघणं हेच काम. रॉचं मी घेते, कॅमेऱ्याचं तुमचं चालू द्या.

पाणकावळा, तुम्ही जो 'क्षणभर झकास' फोटो बघता तो रॉ नव्हेच. जवळपास प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने केलेलं एक छोटं जेपेग असतं. प्रोग्रॅम आधी ते दाखवतो, तोवर मागे खरा डेटा उलगडत असतो. तो उलगडला की चित्र बदलतं. आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्रामही त्याच जेपेगवरून काढलेला असतो, हे त्याहून महत्त्वाचं. बगळा जळला (पांढऱ्यातला तपशील गेला) असं कॅमेरा ओरडतो तेव्हा रॉमध्ये बऱ्याचदा पिसांचा तपशील शाबूत असतो. पिक्चर कंट्रोल (जेपेगच्या रंगरूपाची निकॉनची सेटिंग) 'फ्लॅट' करून ठेवा. पडद्यावर फोटो रडका दिसेल, पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ जाईल.

फिका का दिसतो? सेन्सर उजेड सरळ रेषेत मोजतो. दुप्पट उजेड, दुप्पट आकडा. डोळ्याला तसं दिसत नाही, म्हणून वर टोन कर्व्ह (उजळ-गडद कसं दिसावं ते ठरवणारी वक्ररेषा) चढवावा लागतो. तो कॅमेरा जेपेगमध्ये आपल्या मनाने चढवतो, रॉमध्ये तो तुमचा. रंगांचंही तसंच. सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलला एकच रंग मिळतो: अर्धे हिरवे, पाव लाल, पाव निळे. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये ही जाळी आखली, पेटंट १९७६ चं. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे 'न बदललेला रॉ' असं काही तुम्हाला दिसूच शकत नाही, कोणाचा ना कोणाचा निर्णय त्यात असतोच.

म्हणून जेपेगची नक्कल करण्यात वेळ घालवू नका. ती हवी असेल तर जेपेग वापरा, त्यात कमीपणा काही नाही. रॉ लागतो तो कॅमेऱ्याचा निर्णय चुकतो तिथे, आणि पांढरा पक्षी गडद पाण्यावर ही त्याची नेहमीची हरण्याची जागा.

मी बगळ्याची फाइल कशी घेते ते सांगते. पहिला हात एक्सपोजरला, आणि बघायचं फक्त पक्ष्याकडे. पाणी काळं पडलं तर पडू दे. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचा रंगांचा समतोल. रॉमध्ये तो डेटात मुरलेला नसतो, नुसती नोंद असते, कधीही बदला. तरी कॅमेऱ्यावर ऑटो न ठेवता एकच ठेवा, म्हणजे एका सकाळच्या सगळ्या फाइली एकदम सुधारता येतात. सावलीतलं पांढरं पीस थोडं निळं असतंच. ते पूर्ण घालवलंत की पक्षी प्लास्टरचा दिसतो. मग हायलाइट खाली, पण पिसांच्या ओळी दिसायला लागल्या की थांबा. आणखी ओढलंत की पांढऱ्याचं राखाडी होतं, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे. यानंतर हायलाइटच्या स्लायडरला हात लावायचा नाही. पांढऱ्याला उजेड परत द्यायचा तो व्हाइट पॉइंटने किंवा कर्व्हच्या वरच्या टोकाने.

पाणी शेवटी. मास्क घालून नुसतं पाणी निवडायचं आणि त्याला थोडा कॉन्ट्रास्ट. अख्ख्या चित्रावर क्लॅरिटी (कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर) चढवणाऱ्यांच्या फाइली मी शंभर टक्के झूमला बघते. पक्ष्याभोवती उजळ कडा असते आणि छापल्यावर ती ओरडते.

शार्पनिंग दोनदा. एकदा सुरुवातीला अगदी हलकं, आणि एकदा अखेरच्या आकाराला आणल्यावर. नॉइज (खरखर) घालवताना मात्र हात आखडता घ्या. अडोबीच्या लाइटरूम या प्रोग्रॅममध्ये २०२३ साली आलेला एआय डीनॉइज कमाल आहे, जुन्या फाइलीही त्याने नव्याने बघाव्याशा वाटतात. पण बारीक पिसांवर तो कधी कधी स्वतःच्या मनाने पोत घालतो. मूळ चित्र शेजारी ठेवून तुलना करा.

आणि स्क्रीनचा उजेड कमी करा. छापून काळं आलं म्हणणाऱ्यांची फाइल बहुतेकदा ठीक असते, मॉनिटर भगभगीत असतो. छपाईसाठी ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरे. नेटवर टाकताना निर्यात एसआरजीबीतच (स्क्रीनसाठीची प्रमाणित रंगांची चौकट).

अर्धाशटर, उजवीकडे ढकला हे बरोबर, कारण दिलंत ते अपुरं. पायऱ्या वाया जाण्याचा प्रश्न मोठा नाही, प्रश्न उजेडाच्या स्वतःच्या नॉइजचा. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १००, एक टक्का. तिथे १०० च पडले तर चढउतार १०, म्हणजे दहा टक्के. गडद भाग खरखरीत दिसतो तो यामुळे. म्हणून खरंच जास्त उजेड आत आला पाहिजे. आयएसओ (टिपलेला सिग्नल वाढवून दाखवणारी सेटिंग) वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे नेलात तर फोटॉन काही वाढत नाहीत, आणि पांढरं जळायला आधीच तयार होतं. बगळ्याला मी उजवीकडे ढकला म्हणणारच नाही. तिन्ही चॅनेल भरून वाहिले की तिथे काहीच उरत नाही, कुठलाही स्लायडर ते आणू शकत नाही.

पाणकावळा

दोघांचे आभार, बरंच मोकळं झालं. अर्धाशटर, तुमचा मुद्दा पटतो, पण लेन्सच बदलायच्या तर सगळंच बदलावं लागेल, ते आत्ता नाही. डी५०० शोधायला लागतो.

दोन शंका. काळोखखोली, भाड्याने घेतलेलं सॉफ्टवेअर उद्या बंद केलं तर माझ्या बदलांचं काय? मोफत पर्यायांवर भरवसा ठेवावा का? आणि स्क्रूड्रायव्हर, भिजून आलेल्या कॅमेऱ्याचं त्याच दिवशी नक्की काय करायचं?

काळोखखोली

रॉ फाइलमधल्या मूळ डेटाला हे प्रोग्रॅम हात लावत नाहीत, बदल वेगळे लिहिले जातात. डार्कटेबल ते .xmp मध्ये लिहितो, रॉथेरपी .pp3 मध्ये. लाइटरूम आपल्या कॅटलॉगमध्ये लिहितो, .xmp मध्येही लिही असं त्याला सेटिंगमध्ये सांगावं लागतं. पण एकाचे स्लायडर दुसऱ्याला नीट कळत नाहीत. म्हणून ज्या फोटोंवर जीव आहे त्यांचं १६ बिट टिफ काढून ठेवा. बाकीच्यांसाठी रॉ जपली की झालं, पुन्हा करता येतं.

मोफतमध्ये डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही पक्के. डार्कटेबल पहिल्यांदा बघणारा गांगरतो, त्यातली निम्मी मॉड्यूल्स तुम्हाला कधीच लागणार नाहीत. एक्सपोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड आणि मास्क एवढ्यावर तुमचा बगळा होईल. नव्या कॅमेऱ्याची फाइल मोफत प्रोग्रॅममध्ये यायला कधी वेळ लागतो, हे खरं. कॅननचं सीआर३ हे रॉ फाइलचं रूप २०१८ साली आलं, डार्कटेबलमध्ये ते उघडायला २०२१ ची अखेर उजाडली. कायमच्या परवान्याचं लाइटरूम ६ घेतलेल्यांना तर ते उघडताच आलं नाही, त्यांना अडोबीच्या मोफत कन्व्हर्टरने आधी डीएनजी (अडोबीचं रॉ फाइलचं रूप) करावं लागलं. डी५०० जुना असल्याने ही कटकट तुम्हाला नाही. जुना कॅमेरा घेण्याचा हा एक फायदा कोणी सांगत नाही.

प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. कार्ड हे साठवणीचं माध्यम नव्हे.

स्क्रूड्रायव्हर

भिजलेला म्हणजे नुसते शिंतोडे असतील तर कोरड्या सुती कापडाने टिपा. पुसू नका, वाळूचा कण असला तर ओरखडा उठतो. लेन्स लगेच काढू नका, माउंटभोवती साचलेलं पाणी आत जातं. आधी बाहेरून कोरडं करा, मग तोंड खाली धरून काढा. झूम बाहेर आलेली असेल तर तशीच ठेवा, नळी टिपून कोरडी झाल्यावर मगच आत घ्या. पोर्टांची रबरी झाकणं उघडून हवा लागू द्या.

पाणी आत गेल्याचा संशय असेल तर बॅटरी काढा आणि चालू करून बघायचा मोह टाळा. बोर्ड ओला असताना करंट दिला की गंज रातोरात धरतो. नुसता ओला कॅमेरा मी पुष्कळदा वाचवतो. 'बघू चालतो का' म्हणून चारदा बटण दाबलेला क्वचितच वाचतो. हेअर ड्रायर नको, गरम हवा पाणी आणखी आत ढकलते आणि वंगण पातळ करते.

खारं पाणी असेल तर वेळ दवडू नका. ओलसर कापडाने गोड्या पाण्याने मीठ टिपून घ्या आणि सरळ दुरुस्तीला द्या, आत सुकू देऊ नका. ट्रायपॉडच्या पायांचे सांधेही उघडून धुवा. ते विसरलेल्यांचे ट्रायपॉड माझ्याकडे येतात तेव्हा सांधा फिरवायला दोन माणसं लागतात.

थंडीतून गरम खोलीत येताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा, तापमान सारखं होईपर्यंत. कार्ड मात्र आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत बॅग उघडलीच जाते.

आणि डी५०० सापडला की घेण्याआधी शटर काउंट आणि माउंटच्या कड्याचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. बघून सांगतो.